वानप्रस्थ आणि रंगपेटी

आमच्या पूर्वजांनीं आयुष्याचे चार भाग पाडले आणि त्यांतील तिसऱ्यास वानप्रस्थ हें नांव दिलें. घरचा कारभार मुलाच्या हातीं सोंपवावा आणि आपण रानाची वाट धरावी, असा त्याचा ढोबळ अर्थ. प्रत्यक्षांत किती गृहस्थ रानांत गेले हा प्रश्न वेगळा. परंतु संसार आटोपल्यावर मनुष्यानें झाडांच्या शेजारीं राहावें ही कल्पना आमच्या मनांत इतकी खोल रुजली आहे कीं, ५८ व्या अगर ६० व्या वर्षीं नोकरी सुटलेला मनुष्यहि प्रथम "आतां गांवीं जाऊन राहीन" असेंच म्हणतो. पुढें तो जात नाहीं. वर्तमानपत्र, बँकेचें पासबुक, नातवंडांची शाळा आणि संध्याकाळचा बागेंतील बांक ह्या चतुःसीमेंत त्याचें वानप्रस्थ पुरें होतें.

आम्ही स्वतः अद्यापि त्या उंबरठ्याच्या अलीकडे आहों. पन्नाशी उलटून कांहीं वर्षें झालीं, केंस पिकले, परंतु इतिहासाचे तास अजून घ्यावे लागतात. आमचे एक वडील स्नेही मात्र उंबरठा ओलांडून गेले आहेत. कित्येक वर्षें त्यांनीं आमच्याच महाविद्यालयांत गणित शिकविलें. निवृत्त झाल्यावर एका सकाळीं ते रंगपेटी, घडीची खुर्ची आणि छत्री घेऊन घराबाहेर पडले आणि त्या दिवसापासून उघड्यावर बसून डोंगर व झाडें काढूं लागले. तोंपर्यंत फळ्यावरील वर्तुळ-त्रिकोणांखेरीज दुसरी आकृति त्यांनीं काढल्याचें कोणास स्मरत नव्हतें. घरच्या मंडळींनीं प्रथम हंसून, मग काळजी करून आणि शेवटीं डबा बांधून देऊन हा छंद मान्य केला. गेल्या मार्गशीर्षांत त्यांच्यासमवेत जव्हार-मोखाड्याकडे आठ दिवस काढण्याचा योग आम्हांस आला. ते चित्र काढीत आणि आम्ही जवळच्या दगडावर पुस्तक उघडून बसत असूं. पुस्तक फारसें वाचून झालें नाहीं. एक प्रश्नच मनांत घोळत राहिला. उतारवयांत रानांत जावें आणि समोरचें झाड कागदावर उतरवावें, ही इच्छा आमच्या लोकांत आली कोठून? ही केवळ वेळ घालविण्याची युक्ति आहे, कीं हिच्यांत कांहीं अधिक आहे? त्या प्रश्नाचा जो मागोवा आम्हीं घेतला तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

निसर्गाचें वर्णन आमच्या वाङ्मयास नवें नाहीं. ऋतु, नद्या, मेघ आणि वनें ह्यांनीं संस्कृत काव्य भरलेलें आहे. चित्रांत मात्र निसर्ग फार काळ दुसऱ्याच्या आश्रयानें राहिला. अजिंठ्याच्या भिंतींवर झाडें आहेत, कमळें आहेत, हत्ती आणि माकडें आहेत. परंतु तीं सर्व कथेच्या सेवेस हजर झालेलीं आहेत. मराठेशाहींतील वाड्यांच्या भिंतींवर जीं चित्रें उरलीं आहेत त्यांतहि देवदेवता आणि पुराणांतील प्रसंग हेच मुख्य. एक गोष्ट मात्र येथें सांगितली पाहिजे. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत विरहानें झुरणारा दुष्यंत शकुंतलेचें चित्र काढतो आणि तें अजून अपुरें आहे असें म्हणतो. काय राहिलें, तर जिच्या वाळवंटांत हंसांचीं जोडपीं बसलीं आहेत ती मालिनी नदी, हरणें विसावलेले हिमालयाचे पायथे, आणि ज्याच्या फांद्यांवर वल्कलें वाळत घातलीं आहेत असा एक वृक्ष. विद्यार्थिदशेंत हा भाग वाचतांना आमचें लक्ष शकुंतलेकडेच होतें. आतां वाटतें कीं, त्या वाळत घातलेल्या वल्कलांत कालिदासानें फार मोठी गोष्ट सांगून ठेविली आहे. ती आम्हांस जव्हारास कळली. तिच्याकडे पुढें येऊं.

समोर जें आहे तें, जसें दिसतें तसें, जागेवर बसून काढावें ही रीति आमच्याकडे रूढ झाली ती मुख्यतः कंपनीच्या अंमलांत, आणि कामाच्या निमित्तानें. छायाचित्राची कला जगापुढें आली १८३९ सालीं. तत्पूर्वीं एखादा किल्ला, घाट अथवा नदीचा उतार वरिष्ठांस दाखवावयाचा तर तो हातानेंच काढणें भाग होतें. म्हणून कंपनीनें आपल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांसाठीं अ‍ॅडिस्कोंब येथें १८०९ सालीं जी शाळा काढली, तींत गणित व तटबंदी ह्यांच्या जोडीला स्थलचित्रणहि शिकविलें जाई. तलवारीबरोबर शिसपेन्सिल बाळगणारा हा अधिकारी सह्याद्रींत आला, आणि मोहिमेच्या मधल्या फुरसतींत नकाशाच्या कडेला झाड काढूं लागला.

त्याच सुमारास आमच्यापैकींहि एक मनुष्य ह्या रीतीनें पाहण्यास शिकला होता, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. पुणें दरबारीं इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट ह्याच्याकडे गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट नांवाचा कारागीर चित्रें काढण्याच्या कामीं होता. पेशव्यांच्या संग्रहांतील गेंड्याचें १७९० सालचें त्याचें चित्र आज उपलब्ध आहे. वेरूळच्या लेण्यांचीं चित्रेंहि त्यानें काढलीं. पुढें जेम्स वेल्स नांवाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला आणि त्याच्या सहवासांत गंगारामाचा हात अधिक तयार झाला. वेल्स १७९५ सालीं वारला. त्याच्या वेरूळच्या चित्रांचें पुस्तक डॅनियलनें कोरून पुढें १८०३ सालीं प्रसिद्ध केलें. गंगारामाचें नांव मात्र आपल्या शालेय इतिहासांत कोठें आढळत नाहीं. तो जातीनें तांबट, म्हणजे ज्याचा हात धातूवर बसलेला. त्यानें गेंड्याकडे पुराणांतील प्राणी म्हणून पाहिलें नाहीं. कातडीच्या घड्या कोठें पडतात तें पाहिलें. आमच्या इकडील निसर्गचित्रणाच्या कुळकथेंत पहिलें मराठी नांव घालावयाचें तर तें आम्ही ह्याचें घालूं.

ह्या काळांतील दोन इंग्रजांचीं चरित्रें आमच्या विषयास विशेष जवळचीं आहेत. पहिला जेम्स फोर्ब्स. १७४९ सालीं जन्मलेला हा मुलगा १७६५ सालीं, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षीं, कारकून म्हणून मुंबईकडे निघाला. पुढील अठरा-एकोणीस वर्षें तो मुंबई, केरळ आणि गुजराथ येथें नोकरी करीत राहिला आणि फावल्या वेळांत फुलें, पक्षी, मासे, झाडें काढीत राहिला. नर्मदेच्या पात्रांतील प्रचंड कबीरवडाचें त्यानें काढलेलें चित्र प्रसिद्ध आहे. १७८४ सालीं तो मायदेशीं परतला, आणि चित्रांचे व टिपणांचे गठ्ठे उलगडून त्यानें आपला चार भागांचा स्मृतिग्रंथ सिद्ध केला. त्याचा पहिला भाग निघाला १८१३ सालीं. मधें जवळजवळ तीस वर्षें गेलीं. दुसरा कॅप्टन रॉबर्ट मेल्व्हिल ग्रिंडले. मुंबईच्या फौजेंतून १८२० सालीं मोकळा झाल्यावर त्यानें पश्चिम हिंदुस्थानांतील देखावे, पेहराव व इमारती ह्यांच्या चित्रांचा ग्रंथ १८२६ पासून १८३० पर्यंत भागशः प्रसिद्ध केला. मुंबईकरांच्या परिचयाची जी ग्रिंडलेज बँक, तिचें मूळ ह्याच गृहस्थाच्या पेढींत आहे.

दोघांचीहि गोष्ट एकाच वळणाची आहे. चित्रांची सामग्री नोकरींत गोळा झाली, परंतु तिचा अर्थ लागला तो नोकरी सुटल्यावर. तथापि त्यांच्या चित्रांत एक उणीव आहे आणि ती व्यक्तीची नसून त्या काळच्या पद्धतीची आहे. असल्या देखाव्यांत माणसें असतात तीं बहुधा चिमुकलीं. कातळ किती उंच आणि वड किती विस्तीर्ण हें कळावें म्हणून उभीं केलेलीं. पाहणारा मनुष्य वाटसरू होता. आज ना उद्यां त्यास जहाज गांठावयाचें होतें. ज्यांस तेथेंच राहावयाचें होतें तीं माणसें त्याच्या चित्रांत मोजमापापुरतीं आलीं. ही संवय निसर्गचित्राच्या अंगीं इतकी मुरली कीं, पुढें आमच्या लोकांनीं कुंचला हातीं घेतला तेव्हां तीहि त्याबरोबर आली.

१८५७ हें वर्ष आपण बंडासाठीं आणि मुंबई विद्यापीठासाठीं लक्षांत ठेवितों. त्याच वर्षीं सर जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगींतून मुंबईची कलाशाळा सुरू झाली. आणि योगायोग असा कीं, त्याच वर्षीं इंग्लंडांत रस्किनचें चित्रकलेच्या मूलतत्त्वांवरील पुस्तक निघालें. चित्रकला कशासाठीं शिकवावी ह्या प्रश्नाचीं दोन उत्तरें ह्या दोन घटनांत आहेत. मुंबईच्या शाळेचा मूळ हेतु कारागिरांचा हात सुधारावा हा. त्यामुळें लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची पद्धति, म्हणजे रेषा, ठोकळे, नक्षी आणि नमुन्यांवरून नक्कल, येथें आली. रस्किनला ती पद्धति मान्य नव्हती. मुलांनीं चित्रें काढतां यावींत म्हणून निसर्गाकडे पाहावें असें त्याचें म्हणणें नव्हतें. निसर्गावर प्रेम जडावें म्हणून त्यांस चित्र काढण्यास शिकवावें, असें तो म्हणे. आमच्या शाळांत जिंकली ती पहिली पद्धति. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ह्या परीक्षा आमच्यापैकीं पुष्कळांनीं दिल्या असतील. ड्रॉइंग मास्तरांनीं टेबलावर ठेविलेला तांब्या आणि दोन वांगीं आम्हांस अजून आठवतात. शाळेच्या खिडकीबाहेर फुललेला पांगारा होता. तो काढावा असें कोणी सांगितलें नाहीं आणि आम्हांसहि सुचलें नाहीं.

असें असूनहि ह्या शाळेंतूनच निसर्गाचे थोर चित्रकार निघाले. जॉन ग्रिफिथ्स हा १८६५ सालीं येथें अध्यापक म्हणून आला. त्यानें १८७२ पासून विद्यार्थ्यांस अजिंठ्यास नेऊन भित्तिचित्रांच्या नकला करविल्या, आणि त्या निमित्तानें मुंबईचीं मुलें कलाशाळेच्या भिंतींबाहेर पडलीं. १८८८ सालीं बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली आणि तिच्या प्रदर्शनांत हौशी मंडळींचे देखावे मानानें टांगले जाऊं लागले. पुढें सावंतवाडीचे सांवळाराम लक्ष्मण हळदणकर ह्यांच्यासारख्यांनीं जलरंग आपलासा केला. जलरंगाचा स्वभावच असा कीं, तो ओल्या कागदावर वाहतो, एकदां लागला कीं पुसतां येत नाहीं, आणि घाई व धीर ह्या दोन्ही गोष्टी एकदम मागतो. पावसाळी कोंकणास ह्याहून योग्य माध्यम कोणतें?

परंतु आमच्या प्रश्नास जवळचें उत्तर मिळतें तें कोल्हापुरास. आबालाल रहिमान १८८० नंतरच्या दशकांत मुंबईच्या कलाशाळेंत शिकले व तेथें नांवाजले गेले. मुंबईंत राहून पैसा मिळविण्याचा मार्ग मोकळा असतां ते आपल्या गांवीं परत गेले. शाहू छत्रपतींनीं त्यांस आश्रय दिला. ६ मे १९२२ रोजीं महाराज निवर्तले आणि दरबारचा तो आधार सुटला. त्या वेळीं आबालाल साठी ओलांडलेले होते. त्यांस पेन्शन नव्हतें, समारंभ नव्हता, शालजोडी नव्हती. होतें तें कोटितीर्थाचें तळें, भोंवतालचीं झाडें, पंचगंगेचा कांठ आणि दिवसाचे प्रहर. हीं स्थळें त्यांनीं पुनःपुन्हां काढलीं. सकाळचें तळें निराळें, तिन्हीसांजेचें निराळें. एकच जागा माणसास जन्मभर पुरते ही गोष्ट त्यांच्या चित्रांनीं आम्हांस शिकविली. १९३१ सालीं ते वारले. त्याच वर्षीं दुसरे थोर कोल्हापूरकर, महादेव विश्वनाथ धुरंधर, कलाशाळेच्या सेवेंतून निवृत्त झाले. प्रसंग, पुराणें, पुस्तकें, जाहिराती अशा अनंत मागण्या पुरविलेल्या ह्या कलावंतानें निवृत्तींत लेखणी घेतली आणि १९४० सालीं कलामंदिरांतील आपल्या एकेचाळीस वर्षांच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. एकानें मागें वळून पाहिलें, दुसऱ्यानें समोर पाहिलें. उतारवयाच्या ह्या दोन वाटा आहेत आणि दोन्ही मानाच्या आहेत. परंतु आमच्या समाजांत पहिलीच वाट फार वापरांत आहे. आठवणी सांगणारे पेन्शनर घरोघर सांपडतात. आजचा दिवस पाहणारा क्वचित्.

तसा एक प्रह्लाद अनंत धोंड ह्यांच्या रूपानें पुढें दिसला. ह्याच कलाशाळेचे ते अधिष्ठाते होते. कचेरीचे कागद सुटल्यावर त्यांनीं जलरंगांत कोंकणचा समुद्र, वाळू आणि आभाळ हीं इतक्या मोकळ्या हातानें काढलीं कीं, अनेकांस धोंड ठाऊक आहेत ते ह्या उत्तरायुष्यांतील चित्रांमुळेंच. परप्रांतांत पाहावें तर रवींद्रनाथांनीं साठी उलटल्यावर चित्रांस हात घातला आणि १९३० सालीं पॅरिसमध्यें त्यांचें पहिलें प्रदर्शन भरलें. चर्चिल १९१५ सालीं आरमारखात्यावरून दूर झाला आणि चाळिसाव्या वर्षीं कॅन्व्हासपुढें उभा राहिला. त्या छंदावरील त्याचें छोटें पुस्तक १९४८ सालीं निघालें. ही माणसें थोर होतीं म्हणून त्यांचे छंद इतिहासांत गेले. परंतु अधिकाराची खुर्ची सुटल्यावर मनुष्याचे डोळे मोकळे होतात, हा अनुभव थोरांपुरता नाहीं. नोकरींत आपण वस्तूंकडे त्यांच्या उपयोगाच्या बाजूनें पाहतों. खुर्ची गेली कीं प्रथमच त्या नुसत्या दिसूं लागतात.

आतां जव्हारकडे येऊं. त्र्यंबकेश्वराकडून येणारा रस्ता घाट उतरून मोखाड्यावरून जव्हारला येतो. जव्हार सुमारे १,५०० फूट उंचीवर आहे. मुकणे घराण्याचें हें कोळी संस्थान. चौदाव्या शतकापासून, परंपरेप्रमाणें १३४३ पासून, तें चालत आलें. ३१० चौरस मैलांचा हा मुलूख १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झाला आणि ठाणें जिल्ह्यांत गेला. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर हा निराळा जिल्हा झाला आहे. १६६४ सालीं सुरतेकडे जातांना शिवाजीमहाराजांचा मुक्काम शिरपामाळावर पडला, अशी येथील परंपरा आहे. जयविलास राजवाडा, भूपतगड, लेंडी नदीवरचा दाभोशाचा धबधबा, मोखाड्याच्या बाजूस खोडाळें आणि सूर्यमाळ, अशीं स्थळें मोजून सांगितलीं म्हणजे चित्रकारास निमंत्रणच मिळाल्यासारखें होतें. मार्गशीर्षांत हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. कापलेल्या भातखाचरांचा पिंवळा, कारवीचा राखी आणि दूरच्या डोंगरांचा निळा हे तीन रंग पेटींतून काढून ठेविले तरी अर्धें चित्र झालें, असें आमचे स्नेही म्हणत.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं मोखाड्याच्या वाटेवरील एका बांधाजवळ खुर्ची मांडली आणि समोरचें ऐनाचें झाड काढण्यास घेतलें. दीड तासांत झाड उभें राहिलें. बुंधा भरदार, माथा पसरलेला, सांवली बांधावर पडलेली. आम्हांस तें सुरेख वाटलें. एक म्हातारे शेतकरी बराच वेळ मागें उभे राहून पाहत होते. ते म्हणाले, "गुरुजी, ह्याला एवढ्या फांद्या कुठून आणल्या तुम्ही? त्या तर आम्हीच तोडल्या, राबाला." आम्हीं दोघांनींहि मान वर करून झाडाकडे पाहिलें. समोर एक खांब उभा होता. जागोजाग तुटलेल्या खुंटांच्या गांठी, आणि त्या गांठींतून फुटलेले पानांचे झुबके. दीड तास झाडाकडे पाहून माझ्या स्नेह्यांनीं पुस्तकांतील झाड काढलें होतें, आणि दीड तास त्यांच्या शेजारीं बसून आम्हांस त्याचा पत्ता लागला नव्हता.

राब म्हणजे काय हें शहरी वाचकांस थोडक्यांत सांगितलें पाहिजे. भात किंवा नाचणी ह्यांचें बीं टाकण्यापूर्वीं रोपांच्या वाफ्यावर शेण, पाला, फांद्या व गवत ह्यांचे थर पसरून ते उन्हाळ्यांत जाळतात. त्यानें तण मरतें, जमीन भुसभुशीत होते आणि राखेचें खत मिळतें. ह्या कामाला ऐनाचा पाला विशेष चांगला मानतात. म्हणून शेताजवळच्या ऐनाच्या फांद्या थंडीच्या दिवसांत उतरवितात. आम्ही इतिहासाचे अध्यापक. 'राब' हा शब्द आमच्या कागदांतील जुन्या ओळखीचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सरकारनें जंगलें राखीव केलीं तेव्हां ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांची मोठी तक्रार ह्या राबाच्या तोडीबद्दलच होती. ती इतकी वाढली कीं, १८८५ सालीं मुंबई सरकारास जंगल-चौकशीचें कमिशन नेमावें लागलें आणि १८८७ सालीं त्याचा अहवाल आला. मोखाडा त्या काळीं ब्रिटिश ठाणें जिल्ह्यांत, शहापूर तालुक्याचा पेटा होता, जव्हार संस्थानी. हा सगळा वाद आम्हीं वर्गांत शिकविला आहे, त्यावर प्रश्न काढले आहेत, उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. परंतु ज्या झाडावरून तो वाद झाला तें झाड कसें दिसतें, हें आम्हांस त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतें. ऐनाचा तो खांब म्हणजे शंभर-दीडशें वर्षांचा एक दस्तऐवज होता, आणि आम्हीं त्याच्यावर फांद्या काढून तो खोडून टाकला होता.

स्नेह्यांनीं तें चित्र फाडलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं बसून त्यांनीं नवें काढलें. हें कमी सुरेख होतें. त्यांत प्रत्येक खुंट होता.

जव्हारकडील वारली मंडळींच्या घरांत चित्रें पाहतांना ही गोष्ट आमच्या अधिक ध्यानांत आली. गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें लग्नाचा चौक काढतात. पूर्वापार हें काम सुवासिनींचें. १९७० नंतर भास्कर कुलकर्णी ह्यांच्यासारख्यांच्या खटपटीनें हीं चित्रें कागदावर आलीं, आणि डहाणू तालुक्यांतील जिव्या सोमा मशे ह्यांनीं तीं जगभर नेलीं. मशे ह्यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. ह्या चित्रांत क्षितिज नाहीं. दूरचें लहान आणि जवळचें मोठें हा नियमहि नाहीं. झाड, नांगर, कोंबडी, तारपा वाजविणारा आणि त्याच्याभोंवतीं फिरणारा नाच, सर्व एकाच भिंतीवर शेजारीं शेजारीं. आमच्या निसर्गचित्राला एक पाहणारा लागतो. तो एका जागीं बसतो आणि सारें जग त्याच्या डोळ्यापासून मोजलें जातें. वारली चित्रांत पाहणारा बाहेर बसलेलाच नाहीं. तोहि नाचांत कोठें तरी आहे. गणिताचे अध्यापक असलेल्या स्नेह्यांनीं ही गोष्ट आपल्या भाषेंत सांगितली: "आम्हीं आरंभबिंदु स्वतःमध्यें धरला, ह्यांनीं तो धरलाच नाहीं."

सहाव्या दिवशीं आम्ही एका पाड्यावर गेलों. कुडाचीं घरें, अंगणांत ओळीनें उभीं केलेलीं लांकडें, एक मोह, मागें निळा डोंगर. देखावा असा कीं रंगपेटी आपण होऊन उघडावी. परंतु बहुतेक दारांस कुलुपें होतीं. दिवाळी उलटली कीं वरकस जमिनीवरचें नाचणी-वरईचें काम संपतें आणि कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीस जातात. शिमग्याला येऊन जातात, पावसाच्या तोंडीं परततात. म्हणजे चित्रकारास जो ऋतु उत्तम तोच गांव रिकामा होण्याचा ऋतु. ज्या निवांतपणासाठीं आम्ही इतक्या दूर आलों तो निवांतपणा कोणाच्या तरी घरास लागलेलें कुलूप होता. ह्याच जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें बालकें कुपोषणानें दगावल्याचें १९९२ सालीं उघड झालें आणि साऱ्या महाराष्ट्राची मान खालीं गेली. मोखाडा तालुक्यांत २०१४ सालीं पुरें झालेलें मध्य वैतरणा धरण मुंबईस पाणी पुरवितें. त्याचा जलाशय जलरंगासाठींच केल्यासारखा दिसतो, आणि उन्हाळ्यांत ह्याच तालुक्यांतील पाड्यांवर बायका हंडे घेऊन कोस-कोस चालतात. हें सर्व ठाऊक असतां डोंगर निळा रंगवीत बसावें काय, असा प्रश्न आम्हीं स्नेह्यांस विचारला. विचारण्यांत थोडी बोंचहि होती.

त्यांनीं लगेच उत्तर दिलें नाहीं. पाड्याचें चित्र पुरें केलें. कुलुपें काढलीं, अगदीं बारीक कुंचल्यानें. आणि चित्राखालीं गांवाचें नांव, तिथि आणि "माणसें भट्टीवर गेलीं आहेत" एवढें लिहिलें. मग म्हणाले, "अहो, न काढतां गेलों असतों तर हीं कुलुपें आपण दोघांनीं मोजलीं असतीं काय?"

ह्या उत्तरानें प्रश्न सुटला असें आम्ही म्हणत नाहीं. चित्रानें कोणाचें पोट भरत नाहीं आणि हंडा भरत नाहीं. परंतु न पाहणें हा मध्यमवर्गाचा जुना दोष आहे, आणि त्या दोषावर पेन्सिलीइतकें स्वस्त औषध आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं. इतिहासानें आमच्यापुढें दोन उदाहरणें ठेविलीं आहेत. एक वाटसरूचें, तो रान पाहतो, आणि माणसें मापापुरतीं ठेवितो. दुसरें आबालालांचें, ते एकाच तळ्याच्या कांठीं इतके दिवस बसले कीं, पाहुणे राहिले नाहींत. निवृत्त मनुष्यापाशीं वेळ असतो, आणि हा वेळच त्यास पहिल्या प्रकारांतून दुसऱ्यांत नेऊं शकतो. दुष्यंतास चित्र अपुरें वाटलें तें वल्कलांवांचून. तपोवनांतील वृक्ष नुसता सुंदर काढून त्याचें समाधान होईना. त्या झाडावर तेथील माणसांचे कपडे वाळत होते आणि ते चित्रांत यावयास हवे होते. जव्हारच्या ऐनावर फांद्यांचे खुंट असेच आहेत.

तेव्हां आमच्यासारखे जे वाचक उंबरठ्याजवळ येऊन ठेपले आहेत त्यांस एवढेंच सांगावेंसें वाटतें. वानप्रस्थास जाण्यासाठीं घर सोडण्याची गरज नाहीं. एक वही, एक पेन्सिल आणि घराजवळचें एक झाड पुरे. तें झाड वर्षांतून सहा वेळां, प्रत्येक ऋतूंत एकदां, काढावें. खालीं तिथि घालावी. त्याच्या फांद्या कोणीं तोडल्या, सावलींत कोण बसतें, पाला कोण नेतें हें विचारून लिहावें. चित्र चांगलें आलें तर उत्तम. वाईट आलें तर झाडाचें कांहीं बिघडत नाहीं, आणि काढणाऱ्याचेंहि नाहीं. परतीच्या वाटेवर आम्हीं जव्हारच्या बाजारांत एक चौकोनी वही विकत घेतली. पहिल्या पानावर, एस. टी. च्या धक्क्यांत काढलेला, वांकडातिकडा एक ऐन आहे. त्यास फांद्या नाहींत.